किती पुरावा पुरेसा?

मी छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या घरून एका ॲपवर काम करतो. बटण हिरवं हवं की निळं, हे ठरवायला आम्ही निम्म्या लोकांना एक दाखवतो, निम्म्यांना दुसरं. त्यात एक पथ्य असतं: रोज आकडे बघायचे आणि मनासारखे दिसले की चाचणी थांबवायची, असं करायचं नाही. नाणं तीनदा उडवलं तर तिन्ही वेळा छापा पडण्याची शक्यता आठात एक. सारखं डोकावणाऱ्याला योगायोग कधीतरी फसवतोच.

पण हेच पथ्य माणसांच्या जिवावर पाळायचं असेल तर?

एचपीटीएन ०५२ या चाचणीत ९ देशांतली १,७६३ जोडपी होती. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्यात होती. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. निम्म्यांना औषध लगेच सुरू झालं. उरलेल्यांना प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीखाली आल्यावर किंवा आजार दिसल्यावर. समुपदेशन आणि कंडोम सगळ्यांनाच.

चाचणी २०१५पर्यंत चालायची होती. दोन्ही गटांचे आकडे मधूनमधून एक स्वतंत्र समिती तपासायची. २०११मध्येच तिनं निकाल जाहीर करायला सांगितलं. जोडीदाराकडूनच झाल्याचं सिद्ध झालेल्या २८ लागणींपैकी २७ वाट पाहणाऱ्या गटात होत्या, लगेच औषध मिळालेल्या गटात फक्त १. मग सर्वांनाच औषध देऊ केलं गेलं.

त्या २७ जणांना काय उत्तर द्यायचं? तीन-शून्यवर का नाही थांबलात?

कारण तीन-शून्य योगायोगानंही होतं. औषध जन्मभराचं, त्याचे दुष्परिणाम असतात, आणि कच्च्या पुराव्यावर कुठलं सरकार धोरण बदलणार? म्हणून ‘एवढा फरक दिसला की थांबायचं’ ही रेघ जैवसांख्यिकी तज्ज्ञ आकडे येण्याआधीच आखून ठेवतात. नंतर आखली तर दया तिला अलीकडे ओढेल, नावाची हाव पलीकडे.

तरी एक गोष्ट उरते. योगायोगाची शक्यता किती, हे गणित सांगतं. त्यातली किती चालवून घ्यायची, हे सांगत नाही. ते माणसं ठरवतात, आणि रेघ जितकी कडक तितकी जास्त माणसं वाट पाहत राहतात. म्हणून ‘आकड्यांनीच ठरवलं’ असं म्हणून कुणालाच हात झटकता येत नाहीत. मला वाटतं, संमतीपत्रावर सही घेताना ही रेघही साध्या भाषेत समजावून सांगायला हवी.

२०१७पासून भारताचं धोरण आहे: एचआयव्ही आढळला की औषध सुरू करायचं, प्रतिकारशक्ती खालावायची वाट बघायची नाही. आपल्या घाटी रुग्णालयात आज कुणाला ते मिळतं, तेव्हा त्यामागच्या पुराव्यात ते २७ जणही असतात.