वांकडें अंगण

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी बसलेली आहे कीं, तिचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. शाळेंत शिक्षक ती विद्यार्थ्यास ऐकवितात, कचेरींत वरिष्ठ ती कनिष्ठास ऐकवितात, आणि ज्याच्या वांट्यास ती येते त्यानें मान खालीं घालावी असा संकेतच पडून गेला आहे. परंतु प्रत्येक म्हणीच्या अंगीं एक दोष असतो. ती अनेकांच्या अनुभवाचें सार असली, तरी ती कोणी, कोणास आणि कोणत्या प्रसंगीं म्हणावी, हें ती स्वतः सांगत नाहीं. अंगण कधीं खरोखरच वांकडें असूं शकतें कीं नाहीं? आणि असलें, तर तसें म्हणण्याचा अधिकार नाचणारास केव्हां प्राप्त होतो? या दोन प्रश्नांचा येथें विचार करावा असा आमचा मानस आहे.

नीतीचे प्रश्न केवळ शब्दांनीं सोडवूं लागलें म्हणजे ते सुटल्यासारखे वाटतात, पण सुटत नाहींत. म्हणून एखादी लहानशी, हातांत धरतां येईल अशी वस्तु पुढें ठेवून विचार करणें बरें. आम्ही स्वस्त गिटारीचें उदाहरण घेतों. हें वाद्य मूळचें परक्या देशाचें खरें. पण आज आमच्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून एखाद्या खोलींत तरी तें भिंतीस टेकलेलें दिसतेंच. त्याच्या धन्याची तक्रारहि ठराविक असते. “माझी गिटार हलकी आहे; मोठ्या वादकाच्या हातून निघतो तसा आवाज हिच्यांतून निघणें शक्य नाहीं.” ही तक्रार खरी कीं खोटी, याचा निर्णय करावयाचा तर त्या वाद्याचा आवाज येतो कोठून, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

तार एकटी असतां फारशी ऐकूं येत नाहीं. ती इतकी बारीक असते कीं, हवेस ढकलण्याचें सामर्थ्य तिच्या अंगीं नसतें. ती घोडीला हलविते, घोडी खालच्या फळीला हलविते, आणि ती फळी हवेला हलविते. सतार-तंबोर्‍याचे कारागीर भोपळ्यावर बसविलेल्या अशा फळीस तबली म्हणतात. गिटारीच्या पुढल्या फळीसहि तेंच नांव शोभेल. ही तबली जड असली तर ती हलत नाहीं, आणि दुबळी असली तर सहा पोलादी तारांचा सत्तर किलोंच्या आसपास असणारा ताण तिला सोसत नाहीं. हलकेपणा आणि ताठपणा हे दोन गुण एकत्र हवेत, म्हणून थंड प्रदेशांत हळूहळू वाढणार्‍या स्प्रूस वृक्षाचें सरळ रेषांचें लाकूड तबलीसाठीं निवडण्याची चाल पडली. अगदीं स्वस्त गिटारीची तबली लाकडाचे पातळ थर एकमेकांस चिकटवून केलेली असते. ती टिकाऊ असते, पण हलण्यास मंद असते. याहून एक पायरी वरच्या गिटारींत पाठ आणि बाजू थरांच्याच असतात, परंतु तबली मात्र अखंड लाकडाची असते. जेथें काटकसर केल्यानें फारसें बिघडत नाहीं तेथें कारखानदारानें ती केली, आणि जेथें खर्च करणें अगत्याचें तेथें तो केला. ही गरिबी खरी, पण ती विचारी माणसाची गरिबी आहे.

ही विचारसरणी नवीन नव्हे. आधुनिक गिटारीला तिचें रूप देणारा स्पेनमधील कारागीर आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) यानें १८६२ सालीं एक विलक्षण गिटार बनविली. तिची तबली उत्तम लाकडाची होती, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. वाद्याचा प्राण तबलींत आहे, हें त्याला दाखवावयाचें होतें. ती गिटार बार्सिलोना येथील संगीत-संग्रहालयांत जतन केलेली आहे. अलीकडे, २०१८ सालीं, इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं याच गोष्टीची वेगळ्या मार्गानें परीक्षा करून तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनीं एकाच कारागिराकडून शक्य तितक्या सारख्या सहा गिटारी करविल्या. भेद ठेवला तो केवळ पाठ आणि बाजू यांच्या लाकडांत. त्यांत ब्राझील देशाचें दुर्मिळ शिसव होतें, हिंदी शिसव होतें, आणि महॉगनी व मेपल यांसारखीं लाकडेंहि होतीं. मग बावन्न वादकांच्या डोळ्यांवर, वेल्डिंग करणारे घालतात तसले काळे चष्मे चढवून त्यांच्याकडून त्या वाजवून घेतल्या. महाग लाकडाची गिटार अधिक चांगली, असा कौल मिळाला नाहीं. इतकेंच नव्हे, तर एक गिटार दुसरीपासून ओळखणेंहि वादकांस कठीण गेलें.

याचा अर्थ किंमत ही सर्वस्वीं माया आहे असा नाहीं. कुशल कारागीर स्वतःच्या हातानें तबली तासतो, तेव्हां प्रत्येक फळीचा स्वभाव पाहून ती कोठें पातळ करावी हें ठरवितो. तें कौशल्य पैसे देऊन घेण्यासारखें आहे. पण किंमतीचा एक भाग कानासाठीं नसून डोळ्यांसाठीं आणि प्रतिष्ठेसाठीं असतो, हें यावरून सिद्ध होतें. आणि या प्रतिष्ठेचें मोल धनिकाच्या खिशाखेरीज दुसर्‍या कोणास तरी द्यावें लागतें. ब्राझिली शिसवाची इतकी तोड झाली कीं, १९९२ सालीं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद करावा लागला. त्याच्या जागीं जगभरच्या कारखान्यांनीं जें लाकूड घेतलें, तें आपल्या सह्याद्रींतहि वाढणारें शिसव होय. २०१७ पासून शिसवाच्या सर्वच जातींच्या व्यापारावर निर्बंध आले. डोळे झांकलेल्या वादकास जो भेद ओळखतां येत नाहीं, त्याच्यासाठीं अरण्यें तुटलीं. गिटारीसारख्या निरुपद्रवी वस्तूच्या पोटींहि नीतीचा प्रश्न दडलेला असतो तो असा.

आतां वसतिगृहांतील तक्रारीकडे वळूं. तबली अखंड लाकडाची आहे, म्हणजे वाद्याचा मुख्य अवयव निरोगी आहे. मग आवाज बसका कां? बहुधा पहिलें कारण तारांचें असतें. काशाच्या वेटोळ्यांनीं गुंडाळलेल्या तारांत घाम व मळ शिरला कीं, त्यांच्या नादांतील बारीक, चमकदार अंश नाहींसा होतो. वर्षभर तारा न बदलतां गिटार मुकी झाली असें म्हणणें, म्हणजे चष्मा न पुसतां दृष्टि गेली असें म्हणण्यासारखें आहे. दुसरें कारण घोडीच्या खाचेंत बसविलेली पट्टी. स्वस्त गिटारीवर ती पुष्कळदां प्लॅस्टिकची आणि सैल असते. तिचा तळ खाचेस सर्वत्र टेकला नाहीं, तर कंपनाचा कांहीं भाग तबलीपर्यंत पोंचण्यापूर्वींच वायां जातो. हाडाची पट्टी आणून, तिचा तळ सपाट जागेवर ठेवलेल्या पॉलिश-पेपरवर घांसून, ती खाचेंत न डुलतां बसेल अशी करणें हें एका संध्याकाळचें काम आहे. आणि त्यांत हाडाचा जितका गुण, त्याहून नीट बसविण्याचा गुण अधिक. तारा फार उंच असतील तर त्या दाबतांना स्वर चढतो, फार खालीं असतील तर त्या पडद्यांस लागून खरखरतात. तीहि उंची या पट्टीच्या घांसणीनेंच पुष्कळशी साधते.

याखेरीज हवा आहे. अशा लाकडास पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. कोंकणांत आषाढांत तबली ओल पिऊन फुगते, घोडी वर उचलली जाते आणि नाद जड होतो. देशावर वैशाखांत तीच तबली आकसते आणि प्रसंगीं चिरते. थरांचें लाकूड या बाबतींत बरेंच बधिर असतें. अखंड लाकडास मात्र ऋतु कळतो. जें अधिक बोलतें तेंच अधिक दुखावतें. त्यास उपाय साधा आहे: वाद्य पेटींत ठेवावें, पावसाळ्यांत ओल शोषणारी पुडी आणि उन्हाळ्यांत भोंकें पाडलेल्या डबींत ओला स्पंज सोबत ठेवावा. आणि शेवटीं हात. तीच तार घोडीजवळ छेडली तर करडी बोलते, मानेकडे सरकून छेडली तर गोल बोलते. नखी पातळ असली तर तिचा टकटकाट ऐकूं येतो, जाड असली तर स्वर भरतो. हें सर्व करावयास फार थोडे पैसे लागतात, पण लक्ष मात्र पुष्कळ लागतें.

आपल्याकडील जाणत्यांस यांत नवल वाटूं नये. मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. २०२४ सालीं तेथील सतार व तंबोरा यांस भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु मिरजेचा उत्तम तंबोरासुद्धां जवारी लागल्यावांचून बोलत नाहीं. कारागीर घोडीचा माथा केसाएवढा घांसतो, गवई तारेखालचें सूत किंचित् पुढें-मागें सरकवितो, आणि जें लाकूड क्षणापूर्वीं मुकें होतें तें गाऊं लागतें. जवारी उतरलेला महाग तंबोरा आणि जवारी नीट लागलेला साधा तंबोरा यांत साथीस कोणता घ्यावा, हें गवयास विचारावें लागत नाहीं.

यावरून तत्त्व कोणतें निघतें? एपिक्टेटस हा जन्मानें गुलाम असलेला ग्रीक तत्त्ववेत्ता शिकवीत असे कीं, आपल्या स्वाधीन काय आहे आणि काय नाहीं, हें ओळखणें हाच शहाणपणाचा आरंभ होय. हा उपदेश थोर आहे. पण त्यांत एक अडचण राहून जाते. ही सीमारेषा कोणाच्याहि कपाळावर लिहिलेली नसते. ती घरीं बसून विचारानेंहि कळत नाहीं. ती काम करतांना कळते. ज्यानें तारा बदलल्या, पट्टी घांसली, वाद्य ऋतूंपासून जपलें आणि हात घडविला, त्यालाच आपल्या गिटारीची खरी मर्यादा सांपडते. आणि ती त्याच्या पूर्वींच्या समजुतीहून बरीच दूर असते. वस्तूला दोष देण्याचा अधिकार तिची सेवा करून मिळवावा लागतो. न मिळवितां उच्चारलेला दोष हा आळसाचा पोषाख होय.

परंतु हेंहि तितकेंच खरें कीं, अंगण कधीं कधीं वांकडें असतें. पडदे चुकीच्या अंतरांवर बसविलेली गिटार कितीहि सेवा केली तरी सुरांत बोलणार नाहीं. पडद्याची जागाच चुकली असतां बोट काय करील? मान पिळवटलेल्या वाद्यावर शिकणारा मुलगा महिनोन्महिने बोटें सोलून घेतो, आणि शेवटीं आपल्यालाच कान नाहीं असा निष्कर्ष काढून गाणें कायमचें सोडतो. त्याला ती म्हण ऐकविणारा गुरु दुहेरी अन्याय करतो: वाद्याचा दोष तो मुलाच्या माथीं मारतो, आणि त्यावर त्या मुलाचा विश्वास बसवितो. असेंच शाळांतून घडतें. ज्याच्या घरीं पुस्तक नाहीं, दिवा नाहीं, बसावयास कोपरा नाहीं, त्यास ‘मनांत असेल तर सर्व कांहीं होतें’ असें सांगणारे बहुतेक सपाट अंगणांत नाचावयास शिकलेले असतात. आमच्यासारख्या अध्यापकांनीं तरी हें ध्यानांत वागवावें. त्या म्हणीचा नैतिक उपयोग एकच आहे: ती माणसानें स्वतःस म्हणावी. दुसर्‍यास म्हणावयाची झाल्यास, आधीं त्याच्या अंगणांत उतरून जमीन तपासावी.

उलट बाजूचा धोकाहि सांगितला पाहिजे. कित्येक लोक सुधारणेच्याच नादीं लागतात. आज पट्टी बदलली, उद्यां खुंट्या, परवां तारांची आणखी एक जात. वाजविणें मात्र राहूनच जातें. तक्रार करणार्‍या आळशाचा आणि साहित्य जमविणार्‍या उद्योग्याचा वेष निराळा, पण जात एक. दोघेहि रियाज टाळतात. संतोष आणि उद्योग यांचा मेळ घालावयाचा तो येथेंच. वाद्यास जें देणें लागतें तें एकदां नीट देऊन टाकावें, आणि मग कान व हात यांच्याकडे वळावें. इतकें केल्यावरहि एखाद्यास वाद्य अपुरें वाटलें, तर त्यानें अधिक चांगलें वाद्य खुशाल घ्यावें; त्यांत लोभ नाहीं. त्याला काय कमी पडतें हें आतां त्यास नेमकें ठाऊक असतें, आणि नेमकी ठाऊक असलेली उणीव भरून काढणें यास कोणी हांव म्हणत नाहीं.

तात्पर्य, अंगण झाडून, सारवून, खळगे बुजवून जो नाचला, त्यानें अंगण वांकडें आहे असें म्हटलें, तर त्यास हसूं नये. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, आणि शक्य असेल तर फावडें घेऊन त्याच्या मदतीस जावें.