सेनाप्रबोधिनीस अर्ज करावा काय?

गेल्या सुगीच्या दिवसांत एका खेड्यांतील मंडळीस आम्ही भेट दिली. उपासनेनंतर एक विधवा बाई आपल्या मुलास घेऊन पुढें आली. मुलगा बारावींत शिकत होता व खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेस बसूं इच्छीत होता. बाई म्हणाली, "पाळकसाहेब, ह्याला आशीर्वाद द्या." मुलगा मात्र हळूच म्हणाला, "साहेब, मीं जावें कीं नाहीं, हें आधीं सांगा." आशीर्वाद देणें सोपें होतें, उत्तर देणें सोपें नव्हतें. असा प्रश्न इतर मंडळ्यांतही उठत असेल, म्हणून त्यावर आम्हीं केलेला विचार आमच्या उपदेशकबंधूंपुढें व आईबापांपुढें ठेवितों.

प्रथम प्रश्न असा कीं, ख्रिस्ती मनुष्यानें शस्त्र धरावें काय? यार्देनेच्या तीरीं शिपाई योहानाकडे आले, तेव्हां त्यानें त्यांस चाकरी सोडावयास सांगितलें नाहीं. जुलूम करूं नका व आपल्या पगारांत तृप्त असा, इतकेंच सांगितलें. शताधिपतीच्या विश्वासाची प्रभूनें वाखाणणी केली. परंतु त्याच प्रभूनें पेत्राला तरवार म्यानांत घालावयास लाविली. ह्यामुळें विश्वासणाऱ्यांत पूर्वीपासून दोन मतें आहेत. क्वेकर व मेनोनाइट बंधूंनीं शस्त्र नाकारिलें, इतरांनीं देशरक्षण हें कर्तव्य मानिलें. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. तथापि एक गोष्ट विसरूं नये. आपल्या देशांत सैन्यांत जाण्याची सक्ती नाहीं. जो जातो तो आपल्या खुषीनें जातो, म्हणून त्या निवडीचा जाब त्याला स्वतःसच द्यावा लागेल.

दुसरा प्रश्न, आपण मागतों तें काय? देहरादूनची सेनाप्रबोधिनी १९३२ सालीं उघडली, तेव्हां सरसेनापति चेटवुड ह्यांनीं अधिकाऱ्याच्या कर्तव्याचा क्रम सांगितला: आधीं देशाचें हित, मग हाताखालच्या शिपायांचें, व स्वतःचें सुख नेहमीं शेवटीं. आईबापांस गणवेष दिसतो, फुकट शिक्षण दिसतें, पगार दिसतो. गरीब घरानें हें पाहिलें तर त्यांत लाज नाहीं. पण अधिकारी केवळ स्वतः मरावयास तयार होत नाहीं. तो दुसऱ्यांच्या मुलांस मरणाच्या तोंडीं जाण्याचा हुकूम देतो. खडकवासल्यास साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या मुलांस घेतात. त्या वयाच्या मुलास आम्ही एवढेंच विचारूं: गांवांत ह्या गणवेषाला कांहीं मान नसता, तर तुला हें काम हवें असतें काय?

तिसरा प्रश्न, अर्ज कोठें करावा? ज्याचा निश्चय झाला आहे, त्यानें बारावीनंतर खडकवासल्याची वाट धरावी. तेथें तीन वर्षें शिक्षण मिळतें, पदवीही मिळते. २०२२ पासून मुलींसही तेथें प्रवेश आहे. पूर्वतयारीसाठीं राज्य सरकारची संस्था छत्रपति संभाजीनगर येथें १९७७ पासून चालू आहे. ज्याचा निश्चय झालेला नाहीं, त्यानें घाई करूं नये. पदवी घेतल्यावरही देहरादूनचें दार उघडें असतें; तसेंच चेन्नईचेंही, जेथून प्रथम दहा वर्षांची चाकरी पत्करितां येते. सतरा वर्षांच्या मुलाला जें उमगत नाहीं तें बाविसाव्या वर्षीं उमगूं शकतें. चार वर्षें थांबण्यांत भ्याडपणा नाहीं.

आतां सर्वांत अवघड गोष्ट. एका ख्रिस्ती अधिकाऱ्यानें आपल्या शिपायांच्या धार्मिक संचलनास हजर राहूनही त्यांच्या पूजास्थानाच्या आंतल्या गाभाऱ्यांत जाण्याचें नाकारिलें, आणि त्याला चाकरीतून काढण्यांत आलें. २०२५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला, व त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारिलें. त्या बंधूच्या विवेकाचा न्याय आम्ही करीत नाहीं. सैन्याची अडचणही आम्हांस समजते: शिपायांबरोबर मरावयाचें असेल, तर त्यांच्या उपासनेच्या वेळीं अधिकाऱ्यानें दूर कां उभें राहावें, असें त्यांस वाटणें साहजिक आहे. आदरानें जवळ उभें राहणें व पूजा करणें हीं एक नव्हेत, असें मानून कित्येक ख्रिस्ती जन शांत मनानें चाकरी करितात. दुसऱ्या कोणाला तेवढेंही साधणार नाहीं. दोघांचाही आदर असावा. परंतु आपली मर्यादा कोठें आहे हें शपथ घेण्यापूर्वीं ओळखावें. शपथेनंतर ती सांपडली तर आपल्यासही दुःख व विश्वासानें मागें येणाऱ्या शिपायांसही दुःख.

आणखी एक. दर परीक्षेस जागा सुमारें ४०० व अर्ज करणारे लाखों. पुष्कळ गुणी मुलें मुलाखतींत किंवा वैद्यकीय तपासणींत मागें राहतात. ज्या मुलाला मंडळीनें आधींच 'साहेब' म्हटलें, तो परत आल्यावर तोंड लपवितो. ही चूक त्याची नव्हे, आपली.

उपदेशकबंधूंनो, मुलाच्या यशासाठीं प्रार्थना करण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसा. तो कां जाऊं पाहतो, काय करण्यास तयार आहे, व काय केव्हांही करणार नाहीं, हीं तीन उत्तरें त्याला आपल्या हातानें कागदावर लिहूं द्या. आईलाही तो कागद वाचून दाखवा. मुलगा तिचा आहे.

त्या बाईच्या मुलाला आम्हीं हेंच करावयास सांगितलें. त्याच्या पत्रावरून कळतें कीं दोन उत्तरें लिहून झालीं, तिसरें अजून राहिलें आहे. अर्ज भरलेला नाहीं. पहांटे धांवणें मात्र त्यानें सोडलेलें नाहीं. आशीर्वाद आम्हीं त्याला त्याच दिवशीं दिला होता. तो गणवेषासाठीं नव्हता. खरें उत्तर सांपडावें म्हणून होता.