घड्याळाचा आकडा

उभा राहा. तुझा आराखडा सगळ्या वर्गासमोर उघडतो आहे, कारण चूक तुझी एकट्याची नाही. मागच्या तीन बाकांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली आहे.

शीवमधल्या एका पुनर्विकास होणाऱ्या सोसायटीसाठी दोन ट्रान्सफॉर्मर, एक जुना आणि एक नवा. दोन्ही 630 केव्हीएचे, 11000/433 व्होल्टचे, 5 टक्के इम्पीडन्सचे आणि एकाच 11 केव्ही केबलवर. इथवर काही बिघडलेलं नाही. एका एचटी लाइनवर वेगवेगळ्या वाइंडिंगचे ट्रान्सफॉर्मर खुशाल नांदतात. आपापला भार आपापल्या घरी वाहतात. पण तू खाली एलटी पॅनेलवर बस-कपलर चालू दाखवलास, दोघांना एकाच बसबारवर आणलंस आणि समासात लिहिलंस, 'समांतर जोडणीस योग्य'. कशाच्या जोरावर? नेमप्लेटवरची अक्षरं तूच वहीत उतरवली आहेस: जुना वायवायएन 0, नवा डीवायएन 11. उतरवलीस, पण वाचली नाहीस.

'सर, व्होल्टेज सारखंच आहे' हे उत्तर मला देऊ नकोस. व्होल्टमीटर व्होल्टेज किती ते सांगतो, केव्हा ते सांगत नाही. 'केव्हा' सांगण्यासाठीच तो घड्याळाचा आकडा आहे. एक तास म्हणजे 30 अंश. जुन्यात दोन्हीकडे स्टार, म्हणून एलटी एचटीच्या बरोबरीने चालते, काटा बारावर, म्हणजेच शून्यावर. नव्यात एचटीला डेल्टा आणि एलटीला स्टार, म्हणून एलटी 30 अंश पुढे, काटा अकरावर. आपल्या 50 हर्ट्झमध्ये हे अंतर सेकंदाचा सहाशेवा भाग. गणपतीची गाडी ओढणारे सारख्याच ताकदीचे असले तरी हिसका एका तालात लागत नसेल, तर दोर तुटतो.

आता गणित, जे तू केलंच नाहीस. दर फेजला 250 व्होल्ट, मध्ये 30 अंशांचं अंतर. फरक येतो सुमारे 129 व्होल्ट. त्याला अडवायला दोघांचा मिळून 10 टक्के इम्पीडन्स. म्हणजे एकही दिवा लागलेला नसताना पूर्ण भाराच्या पाचपटींहून जास्त करंट दोघांमध्ये घुमणार. 630 केव्हीएचा पूर्ण भार 840 अँपिअर. तुझ्या पॅनेलमध्ये सव्वाचार हजारांच्या वर. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे सत्तावीसपट. ब्रेकर वेळेत पडला तर नशीब.

वायरी उलटसुलट करून हे जुळेल असं मागून कोणीतरी पुटपुटलं. जुळणार नाही. फेज फिरवून 120 अंशांच्या उड्या मारता येतात. डीवायएन 1 आणि डीवायएन 11 दोन्ही बाजूंच्या दोन-दोन फेज बदलून एकत्र आणता येतात. पण शून्य आणि अकरा यांच्यातले 30 अंश बाहेरून पुसता येत नाहीत.

आणि हे कागदापुरतं आहे असं समजू नका. बेस्टच्या वीजपुरवठ्याची हद्द या शीवपाशीच संपते. कुलाब्यापासून इथपर्यंतच्या दाट वस्तीत एक सबस्टेशन बंद पडलं की शेजारच्याकडून वीज घ्यायची वेळ येते. पावसाळ्यात गांधी मार्केटला पाणी तुंबतं, लोक अंधारात बसलेले असतात, फोन थांबत नाहीत. त्या घाईत तुमच्या आराखड्यावर विश्वास ठेवून एखादा वायरमन तो कपलर ओढेल. त्याने तुमची पदवी पाहिलेली नसेल, फक्त तुमची रेषा पाहिलेली असेल. ठिणगी त्याच्या तोंडासमोर उडेल, तुमच्या नाही.

मला राग चुकल्याचा नाही. प्रयोगशाळेत दोन्ही ट्रान्सफॉर्मरवर तू आर-वाय मोजलंस, वाय-बी मोजलंस, सगळीकडे 433 मिळाले आणि मीटर गुंडाळलास. दोघांचे न्यूट्रल जोडून याच्या आरपासून त्याच्या आरपर्यंत एकदा मोजलं असतंस, तर 129 व्होल्ट डोळ्यांसमोर उभे राहिले असते. शून्य दिसल्याशिवाय जोडायचं नाही, हा धडा पहिल्या महिन्यात दिला होता. एका मिनिटाचं काम तू टाळलंस, राग त्याचा आहे.

उद्या आराखडा पुन्हा आण. दोन्ही ट्रान्सफॉर्मरचा भार वेगळा दाखव. एकाचा इनकमर उघडल्याशिवाय कपलर लागणारच नाही असा इंटरलॉक काढ. नाहीतर जुन्याच्या जागी डीवायएन 11 सुचव. घराघरांतला असमान सिंगल फेज भार डेल्टा-स्टार जास्त नीट सोसतो. आणि पहिल्या पानावर, सगळ्यात आधी, दोन्ही नेमप्लेटवरचे घड्याळाचे आकडे लिही. ते नसतील, तर पुढचं पान मी उघडणार नाही.