अंतर कोठून मोजायचे?

देवळापासून परमिट रूम किती लांब असावी, याचे उत्तर सरकारी नियमात मीटरमध्ये दिलेले आहे. महापालिका हद्दीत देऊळ वा शाळा यांच्यापासून 75 मीटरच्या आत परवाना देऊ नये, असा तो नियम. मूळ कायदा 1949 चा. नाव दारूबंदीचे, पण त्याचे रोजचे काम परवान्याचे. आपल्या नवी मुंबईत वाशी-नेरुळ ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात येते. म्हणून परवान्याचे कागदही दोन कचेऱ्यांतून फिरतात. खारघरच्या रहिवाशांनी आपला नोड दारूमुक्त राहावा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली आहे. अशा वेळी वारकऱ्याने स्वतःला विचारावे, हे अंतर राखायचे तरी कोणासाठी?

पांडुरंगासाठी म्हणावे, तर त्याला विटाळ कसला? बारच्या वासाने तो विटेवरून खाली उतरणार नाही. अंतराची गरज आहे ती संसाराला. वाशीच्या बाजार समितीत दिवसभर पाठीवर गोणी वाहून एखादा माथाडी बांधव घराकडे निघतो. दारू सोडायची असे त्याने ठरवले आहे आणि निश्चय अजून कोवळा आहे. देऊळ 76 मीटरवर असले की नियम पाळला गेला. त्याच्या घराचा जिना दहा पावलांवर असला तरी त्या मोजपट्टीला त्याचे काही नाही. देवाचा मान राखला, भक्ताची चूल उघडी राहिली.

कोणी म्हणेल, नेम कायद्याने लागत नाही. खरे आहे. माळ बळजबरीने गळ्यात पडत नाही आणि पडली तर टिकत नाही. पण परवाना नाकारणे म्हणजे कोणाला माळ घालणे नव्हे. चालणाऱ्याच्या वाटेतला धोंडा बाजूला करणे एवढेच ते काम. चालायचे त्यालाच आहे. दिंडीत पुढचा माणूस मागच्याला खड्डा दाखवतो, तेव्हा तो त्याची वारी करत नसतो.

म्हणून घरापासून मोजणारे नियम मला अधिक मोलाचे वाटतात. 2008 च्या आदेशाने वस्तीतल्या महिलांना मतदानाने दुकान बंद करण्याचा मार्ग दिला. तीच उभी बाटली, आडवी बाटली. 25 टक्के महिलांनी सह्या करून मागणी करायची आणि मग एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी आलीच नाही, तिचे न आलेले मतही उभ्या बाटलीच्याच कामी येते. 2025 मध्ये सोसायटीच्या गाळ्यात नवे दारू दुकान काढायला सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असेही सरकारने विधिमंडळात सांगितले. ‘मी पीत नाही, मला काय त्याचे?’ म्हणत सभेला न जाणारा माळकरी आपला नेम पाळतो, पण शेजारधर्म चुकवतो.

मात्र एक सावधपणा हवा. अंतर बाटलीपासून राखायचे, माणसापासून नव्हे. पनवेल परिसरातले डान्सबार एके काळी गाजले. 2005 मध्ये राज्याने बंदी आणली आणि पुष्कळ बायकांची रोजी गेली. पुढे 2016 च्या कायद्याने असे बार देवळापासून एक किलोमीटर दूर असावेत अशी अट घातली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाची कारणे कायद्याची होती. आपल्याला मात्र कान्होपात्रा आठवावी. मंगळवेढ्याच्या नायकिणीची ती लेक. तिच्यासाठी राऊळापासून अंतर कोणी मोजले नाही. तिला जागा मिळाली ती पंढरीच्या मंदिरातच.

तेव्हा माउली, परवान्याला हरकत घ्यायची वेळ आली तर सही जरूर करावी. आणि त्याच संध्याकाळी, बारमधून झोकांड्या खात येणारा शेजारी भेटला, तर त्याला हाताला धरून घरी पोचवावे. हरिपाठाला जरा उशीर झाला तरी चालेल.

राम कृष्ण हरी.