स्पर्श आणि अवधान

न्यायदर्शनानें मनास अणुपरिमाण मानलें आहे. एका क्षणीं तें एकाच इंद्रियाशीं संयुक्त होतें, आणि म्हणून दोन ज्ञानें एकदम उत्पन्न होत नाहींत, असा त्या दर्शनाचा सिद्धांत आहे. याचा पडताळा पाहावयाचा असल्यास वाचकांनीं हल्लींच्या एखाद्या नव्या मोटारींत बसावें. चाकणच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या महिंद्रांच्या एक्सईव्ही ९ई या गाडींत १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीनें बसविलेले आहेत. टाटांच्या नेक्सॉन गाडींत २०२३ सालीं एसीच्या बऱ्याचशा बटणांची जागा गुळगुळीत स्पर्शपट्टीनें घेतली. जर्मनींतील बीएमडब्ल्यूनें तर २०१५ सालींच हवेंत बोट फिरवून रेडिओचा आवाज वाढविण्याची सोय केली होती. तिला मी केवळ खेळ म्हणेन.

या पडद्यांस टचस्क्रीन म्हणतात. नांव मोठें विनोदी आहे, कारण स्पर्शाला येथें कांहींच कळत नाहीं. खटक्याला कड असते, उंचसखलपणा असतो, आणि तो दाबला गेला कीं बोटाला तें समजतें. कांच मात्र सर्वत्र सारखीच. बोटानें काय केलें हें डोळ्यांनीं पाहावें लागतें. पेटी वाजविणारा गायकाच्या मुखाकडे पाहूं शकतो, तो पट्ट्यांच्या उंचसखलपणावर बोटें विसंबतात म्हणून. विल्यम जेम्सनें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत संवयीचें माहात्म्य हेंच सांगितलें आहे: नित्याचीं कामें तिच्या स्वाधीन केलीं म्हणजे मन अधिक महत्त्वाच्या कामास मोकळें राहतें. सपाट कांचेवर अशी संवय जडणें कठीण.

स्वीडनमधील एका मोटार-मासिकानें २०२२ सालीं एक प्रयोग केला. ताशीं ११० किलोमीटर वेगानें चालत असतां चार साधीं कामें करावयाचीं होतीं. २००५ सालच्या बटणांच्या व्होल्व्होंत तीं १० सेकंदांत, ३०६ मीटर अंतरांत, उरकलीं; सर्वांत मागें पडलेल्या पडद्याच्या गाडीला ४४.९ सेकंद लागले, आणि तेवढ्यांत ती १,३७२ मीटर गेली. आपल्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. वैशाखांतल्या उन्हांत एसी वाढविण्यासाठीं दोनच सेकंद मान खालीं गेली, तर सुमारें ६६ मीटर रस्ता न पाहतां ओलांडला जातो.

यावर असें म्हणतात कीं, ज्याला आवडतें तो विकत घेतो, तक्रार कसली? नकाशा दाखविण्यास किंवा गाडी मागें घेतांना हा पडदा उपयोगी आहे, हें मलाही मान्य आहे. परंतु चालकाचें अवधान ही त्याची खाजगी मिळकत नव्हे. वर्धा रोडवर समोरून सायकलीनें येणाऱ्या मनुष्याचें तें देणें आहे. हातांत मोबाइल धरून गाडी हांकणें २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार कायद्यांत धोकादायक वाहनचालन ठरतें. त्याहून कितीतरी मोठी कांच मात्र कारखानदार स्वतःच समोर बसवून देतो, आणि तिला गाडीचें भूषण म्हणून मिरवितो! प्रत्येक खटक्यास सांचा लागतो, तार लागते. पडदा एकच पुरतो, ही त्यांतली काटकसर. युरोपांत मोटारींच्या सुरक्षिततेस तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून दिशादर्शक दिवे, भोंगा, कांच पुसणारे वायपर अशांसाठीं खरीं बटणें असलीं तरच पूर्ण गुण देणार, असें ठरलें आहे. कांचेचा सौदा गाडी बनविणारा आणि घेणारा या दोघांतच होतो. सायकलस्वारास त्यांत कोणीं विचारलेलें नसतें.