चाल कोणाकडून आली?

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव एरवी कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते, पण मंडईच्या दिवसांत या सगळ्या मुलखाचे कान एकाच दिशेला, गाण्याकडे, लागलेले असतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये, रात्री नाटक. शाहीर उभा राहतो, ढोलकी बोलू लागते, डफ-तुणतुणे साथीला येतात आणि गर्दीतले कितीतरी हात फोन धरून वर होतात. गाणे ध्वनिमुद्रित होते, पुण्या-मुंबईला गेलेल्या भावा-पुतण्यांपर्यंत त्याच रात्री पोचते. फोनमध्ये मात्र त्याला नाव म्हणून मिळते एक तारीख आणि एक आकडा. गाणारा कोण, कुठल्या गावचा, ही चाल त्याला कोणी दिली, यातले काहीच त्या मुद्रणासोबत जात नाही.

याचे मला फार वाईट वाटते. चाल तेवढी उरली आणि ती देणारा माणूस गेला, तर अर्धे गाणे हरवलेच की.

असा हरवलेला माणूस पुन्हा सापडल्याचे एक उदाहरण आयर्लंडचे आहे. तिथे जिग नावाचा नाचाचा प्रकार आहे. तीन-तीनच्या दोन झोक्यांत तो चालतो. दादरा ऐकलेल्या कानाला परका वाटत नाही. तिथली एक अतिशय लोकप्रिय जिग जेम्स मॉरिसन या फिडलवादकाच्या नावाने ओळखली जाते. मॉरिसन स्लायगो परगण्यातला, पोट भरायला अमेरिकेत गेलेला. १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने ही चाल तबकडीवर वाजवली. ती त्याला टॉम कारमोडी या अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्या साथीदाराने दिली, कारमोडीकडे ती केरी परगण्यातल्या घरातून, वडिलांकडून आली होती, आणि त्या घरात तिचे नाव वेगळेच होते, असे सांगतात. तबकडी जगभर गेली आणि नाव मॉरिसनचे झाले. पुढे चालीचा माग काढणाऱ्या लोकांनी केरीतल्या त्या बापाला पुन्हा चालीशी जोडले. मला हे काम मोठे वाटते.

असा माग काढणाऱ्यांच्या हाती जुनी मुद्रणे आणि स्वरलेखने असतात, कारण कोणीतरी आधीच ती नेटाने जमवलेली असतात. कॉर्क परगण्यात १८४८ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस ओ'नील शिकागोचे पोलीस प्रमुख झाले. त्यांना शेकडो चाली पाठ, पण स्वर लिहिता येत नसत. ते चाल ऐकवत आणि त्याच दलातले जेम्स ओ'नील ती कागदावर उतरवत. १९०३ मध्ये निघालेल्या त्यांच्या संग्रहात १,८५० चाली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी चालींपाशी ती देणाऱ्याचे नाव छापलेले आहे. कागदावर चालीचा सांगाडाच उतरतो. बोटांची मुरड, श्वासाची जागा तबकडीतच ऐकावी लागते. म्हणून एकाच चालीची दोन रूपे समोर आली की त्यांतले खरे कोणते, हा वाद मला निष्फळ वाटतो. दोन्ही खरी. एक याच्या घरचे, दुसरे त्याच्या घरचे.

आपल्याकडे असे काम झालेच नाही असे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आधी शब्द लिहून घेतले गेले. नंतर बर्नार बेल या संगीताच्या जाणकाराची साथ मिळाली आणि बायांचे आवाजही मुद्रित झाले. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहातून त्या ओव्या लोकांसमोर येत आहेत, आणि तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते. आयुष्यभर दळताना गायलेले कोणी ऐकते आहे हेच ज्या बायांना ठाऊक नव्हते, त्यांच्या नावाने ओवी वाचताना माझा ऊर भरून येतो.

झाडीपट्टीपुरते बोलायचे तर साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास केला, म्हणून बरेच काही वाचले. पण एक अभ्यासक किती गावांना पुरा पडणार? शाहिरांच्या वह्यांत शब्द आहेत, चाल मात्र गळ्यातच आहे. गळा थांबला की वही मुकी होते.

त्या मानाने फोनची आजची सोय केवढी मोठी आहे! गाण्यासोबत नावही आवाजातच नोंदवण्याची युक्ती मात्र जुनी आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जानचे गाणे तबकडीवर घेतले गेले. गाणे संपताच ती स्वतःचे नाव मोठ्याने सांगते. तबकड्या तयार व्हायला जर्मनीतल्या हॅनोवरला जात आणि तिथल्या कारागिरांना कोण गाते आहे ते कळावे, म्हणून ही पद्धत होती. सव्वाशे वर्षांनंतर तिचे नाव आपल्याला तिच्याच आवाजात ऐकू येते.

येत्या मंडईत फोन सुरू करण्याआधी शाहिराला एवढीच विनंती करावी: दादा, आधी तुमचे नाव सांगा, गाव सांगा आणि ही चाल कोणाकडून घेतली तेही सांगा. मग ढोलकी वाजू द्या.