मयताचे नाव

एका माणसाचा खून होतो. खटला उभा राहतो, खुन्याला देहान्ताची शिक्षा सुनावली जाते, पण मेलेल्याचे नाव शेवटपर्यंत कुणी घेत नाही. अशी एक कादंबरी आपण वाचतो, तिला थोर म्हणतो आणि ती थोर आहेही. मग त्या न घेतलेल्या नावाचे काय करायचे? हा प्रश्न साहित्याइतकाच इन्साफाचाही आहे.

आल्बेर कामूची 'द आउटसायडर' १९४२ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली. अल्जिअर्समधला मर्सो हा फ्रेंच कारकून आपली हकीकत स्वतः सांगतो. आईच्या मयतीला तो रडत नाही. पुढे समुद्रकिनाऱ्यावर रणरणत्या उन्हात तो एका अरबावर गोळी झाडतो आणि क्षणभर थांबून आणखी चार झाडतो. कोर्टात मात्र गोळ्यांपेक्षा न ढाळलेल्या आसवांचीच चर्चा अधिक होते. खोटे बोलत नाही म्हणून समाज याचा बळी घेतो आहे, असे वाटून आपण नकळत मर्सोच्या बाजूला जाऊन बसतो.

ही किमया निवेदनतंत्राची आहे. वाक्ये छोटी, कोरडी, एकमेकांपासून सुटी. ऊन, घाम, समुद्र सारे आपल्याला मर्सोच्याच डोळ्यांनी दिसते. प्रथमपुरुषी निवेदनाची ताकद यातच आहे आणि धोकाही यातच. निवेदक जिकडे पाहत नाही, तिकडे वाचकाचीही नजर जात नाही. मर्सोची व्यक्तिरेखा आतून उजळत जाते. समोरचा माणूस निव्वळ 'अरब' उरतो.

पण सावकाश वाचले, तर हाच निवेदक स्वतःविरुद्ध गवाही देताना दिसतो. शेजारी रेमों आपल्या रखेलीला मारझोड करतो. तिला फसवून बोलावण्यासाठी पत्र लिहून देतो तो मर्सो. पोलिसांपुढे रेमोंची बाजू घेतो तोही मर्सोच. किनाऱ्यावर मरतो तो या बाईचा भाऊ. रेमोंने तिचे नाव सांगताच मर्सो ओळखतो की ती मूर, म्हणजे तिथल्या मुसलमानांपैकी आहे. आपल्यापर्यंत मात्र ते नाव पोहोचत नाही. नाव गळून पडते आणि जमात तेवढी उरते. तुरुंगातल्या पहिल्या रात्री बरोबरचे कैदी बहुतेक अरबच असतात. आपण एका अरबाला मारले, असे मर्सो सांगतो तेव्हा ते गप्प होतात. थोड्या वेळाने तेच त्याला चटई कशी अंथरायची ते दाखवतात. मर्सो हे एका ओळीत सांगून पुढे जातो. आपण तिथे थांबले पाहिजे.

हा आंधळेपणा मर्सोचा की कामूचा? एडवर्ड सईद यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात कामूला वसाहतवादी दृष्टीच्या चौकटीत तपासले. पण याच कामूने १९३९ मध्ये काबिलियातल्या भुकेवर आणि दैन्यावर वर्तमानपत्रातून कळकळीने लिहिले होते. म्हणून झटपट निवाडा नको. लेखकाचा हेतू काहीही असो, मयताला विसरायचे की नाही, हे अखेर वाचकाच्या हाती उरते.

अल्जीरियन लेखक कमेल दाऊद यांनी २०१३ मध्ये कादंबरीनेच याला जवाब दिला. त्यात ओरानच्या एका बारमध्ये बसलेला म्हातारा हारून आपल्या भावाची कहाणी सांगतो आणि मयताला नाव मिळते: मूसा. ही जोडी आपल्याला परकी नाही. आपल्याहून साफ जबान असलेल्या हारूनची साथ हजरत मूसांनी अल्लाहकडे मागितली होती. इथे मूसा बोलू शकत नाही, म्हणून हारून बोलतो.

पण हारूनचेही हात स्वच्छ नाहीत. १९६२ मध्ये, स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या, त्याने एका फ्रेंच माणसाला गोळी घातली आहे. आणि रेमोंने छळलेल्या त्या बाईचे काय? आम्हाला अशी बहीणच नव्हती, असे हारून सांगून टाकतो. भावाला नाव देणारा माणूस त्या बाईला कहाणीतूनच काढून टाकतो. पहिल्या पुस्तकात तिचे नाव नव्हते. दुसऱ्यात तीच उरत नाही.

इथे ही गोष्ट आपल्यापर्यंत येते. मराठी कथा-कादंबरीत मुसलमान पात्र पुष्कळदा ठरलेल्या साच्यातून येते, ही आपली तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे. पण आपण लिहू लागतो तेव्हा आपल्या कथांतल्या किती बाया केवळ अमक्याची अम्मी, तमक्याची बीवी म्हणून वावरतात? घरी धुणीभांडी करायला येणारीला आपल्या पानांवर नाव असते का? ज्याच्यावर अन्याय झाला, त्याची नजर आपोआप न्यायी होते, असे हारूनकडे पाहून तरी म्हणवत नाही.

स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी गवाही खरी द्या, ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. कथा सांगणे हीसुद्धा एक गवाहीच आहे. प्रत्येक निवेदकाच्या नजरेआड कुणीतरी राहणार, हे टळत नाही. पण तो कोण आहे, हे विचारणे आपल्या हाती आहे. दुसऱ्याचे पुस्तक वाचताना ते आपण विचारतोच. आपले लिखाण छापायला धाडण्यापूर्वीही ते विचारले पाहिजे.